सोमवारची खिचडी, मंगळवारची नळी

मंगळवार, १९ जून १९५६

वह्या दोन आणल्या. एक डॉक्टरांनी सांगितली म्हणून; ह्यांनी दिवसभरात काय खाल्लं ते त्यात लिहायचं. दुसरी ही, माझी. पहिल्या वहीत भाकरी किती आणि भाजी कोणती एवढंच येणार. माझ्या जिवात जी कालवाकालव चालली आहे, तिच्यासाठी तिथे रकाना नाही.

या वहीत मी त्यांचं नाव लिहिणार आहे. रूपराव. वीस वर्षांत उखाण्याशिवाय तोंडाने घेतलं नाही, पण लिहायला कोणाची ना? शाळेत रोज चाळीस पोरींची नावं हजेरीत लिहिते, त्यात हे एक आणखी.

तर झालं असं. रूपराव मे महिन्यात गिरडला पुतणीच्या लग्नाला नवे बूट घालून मिरवले. डाव्या पायाची करंगळी सोलून निघाली. घरी येऊन मोजा काढला तेव्हा पत्ता लागला. आज महिना उलटला तरी जखम ओलीच. शेवटी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉ. कोशी त्रावणकोरकडचे, तरुण, हिंदी बोलतात. त्यांनी तपासून सांगितलं, "पेशाब में शक्कर है. इसीलिए जखम नहीं भरता."

कापूस बाजारातला कारकून माणूस. चहात तीन चमचे साखर आणि रविवारी गोरसपाकाच्या गोड बिस्किटांचा अख्खा पुडा. मी कितीदा टोकलं! पण आता ते बोलण्यात अर्थ नाही. रोज इन्सुलिनची एक सुई, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन भाकऱ्या, पालेभाजी, वरण. साखर, गूळ बंद. पंधरा दिवसांनी वही दाखवायची. मी भ्याले आहे, हे इथे लिहून ठेवते.

शनिवार, २३ जून

सुई मलाच टोचायची आहे. कंपाउंडरने शिकवलं, मग घरी येऊन वांग्यावर सराव केला. सात वांगी भोसकली. रूपराव ओसरीवरून म्हणाले, "मास्तरीण, आज भरीत भोकाचं का?" मी उकळत्या पाण्यातून सुई काढली. आणि दिली, एका दमात.

नळीचं कामही सुरू झालं. निळं औषध नळीत घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. जितकं लाल तितकी जास्त. हे काम रूपरावांनी स्वतःकडे घेतलं. म्हणतात, आपली घाण आपणच तापवावी. आज विटेसारखं होतं.

शुक्रवार, २९ जून

नळी हिरवी! आठवड्यात विटेवरून हिरव्यावर आलो. जखमेच्या कडाही जरा सुकल्या आहेत.

काल रूपरावांनी विचारलं, "साखर तं मी खाऊन नाई राह्यलो. मंग येते कुठून?" मी त्यांना त्यांच्याच बाजारातलं सांगितलं. कापसाच्या गाड्या आल्या आणि हमालच नसले तर काय होईल? गाड्या रस्त्यात तुंबतील, कापूस नालीत सांडेल. रक्तात साखर तुंबते ती अशीच. तिला आत वाहून नेणारा हमाल आपल्या पोटातल्या एका ग्रंथीतून येतो. तो तुमच्याकडे कमी पडला, म्हणून रोज सुईतून हमाल पाठवायचा. "आन् गाड्याबी कमी आणाच्या," ते म्हणाले. माणूस हुशार आहे, फक्त जीभ वाईट.

आज पाचवीला आहाराचा धडा घेतला. पोरींना भाकरीचा कोरडा तुकडा दिला आणि म्हटलं, गिळू नका, चावत राहा. दोन मिनिटांत एकेकीचे डोळे मोठे झाले. "बाई, गोड लागून राह्यलं!" मग आयोडीनचा थेंब बटाट्यावर, भातावर, भाकरीवर टाकून दाखवला. सगळीकडे काळा-निळा डाग. पिष्ट असेल तिथे हा रंग येतो, आणि पिष्टाची पोटात शेवटी साखरच होते, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. धडा फार छान झाला.

रविवार, १ जुलै

शेजारच्या सुमित्राबाई आल्या होत्या. विधवा बाई, साठीच्या, पण अख्ख्या आळीची काळजी त्यांच्याच डोक्यावर. म्हणाल्या, "इंदिराबाई, सुया-फिया ठीक हाये. पण देवाकडं बी थोडं पाहा. सोमवार-गुरुवार धरा. जखम भरेपरेंत. आन् ज्याच्यासाठी धरता, त्यानंबी धराले पाह्यजे."

मला पटलं. पोटाला आराम मिळाला तर साखर आणखी उतरेल, हे शास्त्रालाही धरून आहे. रूपरावांना विचारलं तर लगेच "धरतो ना!" वीस वर्षांत ज्यांनी एकादशी धरली नाही, ते एका शब्दात तयार झाले. आजाराने माणूस हळवा होतो. मला भरून आलं.

सोमवार, २ जुलै

पहिला सोमवार. सकाळी साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ हाताने. दुपारी दोन केळी आणि दूध. संध्याकाळी उकडलेली रताळी, भगर आणि वर चार खजूर. रूपरावांनी खिचडी दोनदा मागून घेतली. दिवसभर अन्नाला शिवायचं नाही म्हटल्यावर तेवढं तरी पोटात जायला हवं.

डॉक्टरांच्या वहीत काय लिहायचं याचा क्षणभर विचार पडला. मग लिहिलं, 'उपास'.

आज कितीतरी दिवसांनी मन शांत वाटलं. भांडी घासताना मी गुणगुणत होते म्हणे. रूपराव खाटेवरून ऐकत होते.

शनिवार, ७ जुलै

वही घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी 'उपास'वर बोट ठेवलं. "रोटी, चावल, दाल, कुछ नहीं?" मी म्हटलं, "कुछ नहीं जी." त्यांनी भुवया उंचावल्या. म्हणाले, निश्चय चांगला आहे, पण उपाशी पोटावर सुई धोक्याची. माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध पडेल. तेव्हा उपासाच्या दिवशी सुई द्यायची नाही.

म्हणजे आठवड्यात दोन टोचण्या वाचल्या! वाटेत रूपरावांना म्हटलं, पाहा, व्रताचं फळ लगेच मिळालं. त्यांनी तंबाखूची डबी काढली.

मंगळवार, १० जुलै

नळी लाल. भडक लाल.

काल सोमवार होता, म्हणजे काल तर काहीच खाल्लं नव्हतं. मग लाल कशी? मला एकच उत्तर सुचलं. रूपराव आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या कोटाचे खिसे तपासले. पेन्सिल, रुमाल, तंबाखूची डबी. गोरसपाकाचा कण नाही. तेवढ्यात ते आले.

"काय पाहून राह्यली वं?"

"बाजारात काय खाता तुमी?"

"चहा घेतो. बिनसाखरेचा."

"मंग नळी लाल काऊन?"

ते माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. मग कोट घालून निघून गेले, टोपी घ्यायलाही विसरले. मी खोटं बोलणाऱ्या पोरी रोज पाहते, त्या नजर चुकवतात. यांनी चुकवली नाही. तरी संशय जात नाही.

शुक्रवार, २० जुलै

बुधवारी आणि रविवारी नळी हिरवी. मंगळवारी लाल, आज पुन्हा लाल. जखम परत ओली झाली आहे आणि तिला वास येतो. सुमित्राबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, कुठंतरी कमी पडून राह्यलं. म्हणून शनिवारही धरला. आता आठवड्यात तीन उपास. रूपराव म्हणाले, "तू म्हणशील तसं."

माझ्या मनात वाईट विचार येतो की हे देवासमोर उपास करतात आणि पाठीमागे चोरून खातात, आणि देव त्याची शिक्षा करतो. असा विचार करणाऱ्या बाईलाही शिक्षा होत असेल. पण लिहायचंच म्हटलं तर खरं लिहावं.

शनिवार, २८ जुलै

करंगळी एका बाजूने काळी पडली आहे.

डॉ. कोशींनी चिमट्याने दाबून पाहिलं आणि बराच वेळ वही चाळली. त्यांना कळेना. "इतना कम खाना, फिर भी इतना शक्कर?" त्यांनी बाकीच्या दिवसांची सुई वाढवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, १८ ऑगस्टपर्यंत वाट पाहू. उतार पडला नाही तर बोट काढावं लागेल. आणि काळं वर सरकलं तर पाऊलही. हे सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते.

टांग्यात रूपरावांनी विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?" मी म्हटलं, "म्हणे, काळजी घ्या." ते म्हणाले, "हो ना."

डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराने पुसलं आणि वाऱ्याला दोष दिला.

सोमवार, १३ ऑगस्ट

श्रावणातला पहिला सोमवार. हे नीट लिहायला हवं.

दुपारी शाळेतून आले. रूपराव बाजारातून लवकर आले होते. आता फार वेळ उभं राहवत नाही. भिंतीला टेकून, पाय पाटावर ठेवून त्यांनी खिचडी खाल्ली. ताट शेजारीच होतं, त्यात घासभर गार खिचडी उरली होती. मी जखमेला टिंक्चर आयोडीन लावायला बसले. कापूस बुडवला, उचलला आणि एक थेंब ताटात पडला.

खिचडीचे दाणे काळे-निळे झाले.

मी बघतच राहिले. हा रंग मी दरवर्षी पोरींना दाखवते. फळ्यावर लिहिते. वहीत उतरवून घेते आणि चूक झाली तर छडी दाखवते. मी उठले, संध्याकाळसाठी उकडलेलं रताळं आणलं, त्यावर थेंब टाकला. निळं. थंड भगर, निळी. केळ्याची चकती, तीही डागाळली. रूपराव म्हणाले, "अवं, काय करून राह्यली? खायाचं हाये ते!" मी चुलीपाशी जाऊन कोरडा साबुदाणा घेतला, बाटली पालथी घातली. निळा.

नळीत निळं दिसलं की आम्हाला हायसं वाटायचं. ताटात निळं दिसलं आणि मी बाटलीसकट खाली बसले.

देवाला उपासाचा फराळ चालतो, पण पोट पंचांग बघत नाही. त्याला साबुदाणा काय आणि तांदूळ काय, एकच. दोन भाकऱ्यांच्या जागी मी या माणसाला दोन वाट्या खिचडी, रताळी, केळी, खजूर घातले. आणि वर, उपाशी आहेत म्हणून हमालही पाठवला नाही. आठवड्यातून आधी दोन, मग तीन दिवस. दीड महिना. डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं, मी सरळ उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तरापायी बोट काळं पडलं. चोर मी त्यांच्या खिशात शोधत होते.

हे रूपरावांना सांगायचं धैर्य झालं नाही. ताट उचलून परसात नेलं.

मंगळवार, १४ ऑगस्ट

शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि एकटीच दवाखान्यात गेले. डॉ. कोशींना सगळं सांगितलं. साबुदाणा किती, रताळी किती, सगळं वाट्यांनी. ते ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकले.

"मेरे यहाँ उपवास मतलब खाली पेट," ते म्हणाले. "मुझे पूछना चाहिए था, क्या खाया."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं, जी. मीच तेवढंच सांगितलं. आणि मी तर शिकवते हे."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त कागदावर लिहिलं, आजच भरती करा. पेनिसिलिन, दिवसातून तीनदा सुई, तीनदा नळी, आणि उपास नाही.

घरी येऊन रूपरावांना एवढंच सांगितलं की दवाखान्यात राहायचं आहे. सुमित्राबाई दारात होत्या. "श्रावणातला सोमवार मोडू नोका बाप्पा," म्हणाल्या, "अर्ध्यात मोडलं का उलटते." ते ऐकून मी वळून देवाला हात जोडले. शिकलेली असून जोडले.

सोमवार, २० ऑगस्ट

नळी पाच दिवस हिरवट, आज सकाळी निळी. पण करंगळी वाचणार नाही, शुक्रवारी काढणार. पाऊल वाचेल का, ते त्यानंतर कळेल.

आज सोमवार. पहाटेपासून चुलीसमोर बसून राहिले. लहानपणापासून श्रावणातला सोमवार चुकवलेला नाही. लग्न ठरल्यावर ताप होता तेव्हाही नाही. आणि आज मोडला आणि शुक्रवारी काही झालं, तर? मग परात ओढली आणि ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. चार. सोबत अंबाडीची भाजी.

दवाखान्यात डबा उघडला. रूपराव डब्याकडे बघून म्हणाले, "आज सोमवार हाये ना वं?"

मग सगळं सांगितलं. थेंब, निळा रंग, खिचडी, सुई चुकवली ते. मान वर करून सांगता आलं नाही. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सोमवारी खाल्लं का मंगळवारची नळी लाल. गुरुवारी खाल्लं का शुक्रवारची. नळी मीच तापवत होतो ना रोज? दुसऱ्याच आठवड्यात समजलं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू उपासाच्या दिवशी गुणगुणत होती," ते म्हणाले. "बाकी रोज माह्या पायाकडं पाहून तुहं तोंड उतरे. त्या दिवशी तेवढी निवांत राह्यत होती. म्हटलं, बोटच हाये. जाईन तं जाईन." मग जरा थांबून, "आन् खिचडीबी चांगली होत होती."

मला असा संताप आला की डब्याचं झाकण खाली पडलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. मी म्हटलं, "मी तुमचे खिसे तपासले!"

"तपासले तं तपासले. तुले काई सापडलं का?"

मी रडत होते आणि त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले. म्हणाले, तू खाशील तर मी खाईन. मी खाल्ली. पहिला घास मी बराच वेळ चावत राहिले. चावता चावता ती गोड होत गेली तशी मी डोळे मिटून घेतले.

गुरुवार, ३० ऑगस्ट

करंगळी गेली. पाऊल राहिलं. डॉ. कोशींनी आज पट्टी सोडून दाखवलं, मांस लाल, स्वच्छ. "बच गया," म्हणाले, आणि स्वतःच एवढे खूश झाले की मला धीर द्यायचं विसरले.

सुमित्राबाईंनी सोमवारी, उपासाच्याच दिवशी, घरी झुणका पाठवला होता. मी तो भाकरीसोबत खाल्ला.

रविवार, ९ सप्टेंबर

घरी येऊन चार दिवस झाले. आज सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. ओसरीवर रूपरावांचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बदलली. जखम मिटत आली आहे.

मी म्हटलं, "एक कबूल करा. यापुढं मले सांभाळून नोका घेऊ. जे असंन ते सांगत जा. चांगलं, वाईट, सगळं."

"सगळं?"

"सगळं."

ते अंगणाकडे पाहत राहिले. सुमित्राबाई त्यांच्या दारी तांदूळ निवडत होत्या. मग हळूच म्हणाले, "तं मंग आयक. या पायाले जमीन लागत नाई. वर्ष होऊन गेलं. गादीवर चालल्यावानी वाटते. डॉक्टर टाचणी टोचून पाहे ना, लागते का म्हणून विचारे, तं मी हो म्हणत होतो. तू समोर उभी राह्यत होती ना."

माझा हात पट्टीवरच राहिला. मग डॉक्टरांची वही आणि पेन्सिल आणली. म्हटलं, डोळे मिटा. त्यांनी मिटले.

अंगठ्याला बोट लावलं. "लागते?"

"नाई."

दुसरं बोट. "नाई." तिसरं. "नाई." चौथं. "नाई." तळव्याचा उंचवटा, पावलाची कड, नाई, नाई. प्रत्येक जागा मी वहीत लिहीत गेले आणि अक्षर वाकडं होऊ दिलं नाही. मग टाचेवर हात ठेवला. या वेळी विचारलं नाही, नुसता ठेवला.

"इथं," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "इथं लागते तुहा हात."

मी लिहिलं, डावी टाच, कळते.